जग पाठवलं, आता निकाल कधी? खेळविश्व रचनेच्या स्पर्धांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोल-प्लेइंग खेळासाठी काल्पनिक जग रचून ते एखाद्या स्पर्धेला पाठवलेल्या आणि आता दर तासाला मेल उघडून बघणाऱ्या मंडळींसाठी हे पान आहे. नवे डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे), त्यांचे खेळगडी, क्वचित त्यांचे आईवडीलही हेच प्रश्न विचारतात. उत्तरांत एक स्पर्धा पुन्हा पुन्हा येईल. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने २००२ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स या आपल्या रोल-प्लेइंग खेळासाठी नवं जग शोधायला घेतलेली ती स्पर्धा, नाव ‘फँटसी सेटिंग सर्च’. वीस वर्षं उलटून गेली, पण वाट बघणाऱ्याला तिच्याइतकं शिकवणारी दुसरी स्पर्धा मला तरी माहीत नाही.

आधी घरच्यांसाठी: अशा स्पर्धेत पाठवायचं तरी काय असतं? गोष्ट?

गोष्ट नाही. गोष्टी जिथे घडू शकतील अशी जागा. चार-पाच जण टेबलाभोवती बसून पात्रं घेतात, एक जण डीएम होतो आणि सगळे मिळून खेळतात; त्या खेळाला लागणारा देश, देव, शहरं, भांडणं, जादूचे नियम, पोट भरायचे धंदे हे सगळं म्हणजे सेटिंग. कादंबरीकार नायकाला हव्या त्या दाराशी नेतो. सेटिंग लिहिणाऱ्याला ती सोय नाही. खेळाडू कुठल्या दाराशी जातील ते त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे बऱ्याच दारांमागे काहीतरी ठेवावं लागतं.

एक पान वाचायला असा कितीसा वेळ लागतो? निकाल महिनोन्‌महिने का अडतो?

हिशेब करू. २००२ च्या त्या स्पर्धेत पहिल्या फेरीला फक्त एका पानाचा प्रस्ताव मागवला होता आणि अकरा हजारांहून जास्त प्रस्ताव आले. एका पानाला पाच मिनिटं धरली तर ५५,००० मिनिटं होतात, म्हणजे सुमारे ९१७ तास. रोज आठ तास दुसरं काहीही न करता वाचणाऱ्या एका माणसाला जवळजवळ ११५ दिवस लागतील, तेही एकही रविवार न घेता. पाच माणसं बसवली तर २३ दिवस. आणि ही माणसं परीक्षक म्हणून नेमलेली नसतात. त्यांचं रोजचं काम खेळाची पुस्तकं बनवण्याचं असतं, वाचन त्यातून वेळ काढून.

ही झाली पहिली चाळणी. अकरा हजारांतून अकरा जण निवडले गेले. म्हणजे हजारात एक. त्या अकरांना दहा पानांचा विस्तार लिहायला सांगितलं. त्यातून तीन उरले. त्या तिघांनी आपापल्या जगाचं शंभर-सव्वाशे पानांचं ‘बायबल’, म्हणजे सगळी माहिती एकत्र असलेलं दस्तऐवज, लिहायचं आणि मग त्यातलं एक निवडायचं. प्रत्येक टप्प्यावर लिहिणाऱ्याला वेळ द्यावा लागतो, मग वाचणाऱ्याला, मग वाचणाऱ्यांच्या आपसातल्या वादाला.

तो वादच खरा वेळ खातो. आपल्याला सवय दहावीच्या निकालाची. तिथे उत्तरपत्रिका लाखांनी असतात, पण नमुना उत्तर ठरलेलं असतं. इथे एक परीक्षक म्हणतो हे जग अफाट आहे, दुसरा म्हणतो यात खेळाडूंनी करायचं काय, आणि दोघांचंही बरोबर असतं.

शिवाय निकाल ठरणं वेगळं आणि जाहीर होणं वेगळं. मधे विजेत्याशी करार होतो, वकील वाचतात, सह्या होतात. कित्येकदा घोषणा मुद्दाम एखाद्या मोठ्या मेळ्यासाठी राखून ठेवतात. जेन कॉन हा अमेरिकेतला टेबलटॉप खेळांचा जत्रेएवढा मेळा २००३ पासून इंडियानापोलिसला भरतो, बहुतेक वर्षी ऑगस्टच्या आसपास. एखाद्या अमेरिकन आयोजकाने ‘उन्हाळ्यात कळवू’ म्हटलं असेल तर कॅलेंडरवर मेळ्याची तारीख बघून ठेवा.

एका पानावरून अख्खं जग कसं कळणार? माझ्याकडे दोनशे पानं तयार आहेत!

जग कळतच नाही. कळतो तो लिहिणारा. तो काय महत्त्वाचं मानतो, काय गाळू शकतो, आणि त्याला हा खेळ टेबलावर कसा चालतो ते माहीत आहे का, एवढं एका पानात उघडं पडतं.

२००२ च्या अर्जात मोकळं पान दिलेलं नव्हतं, प्रश्न ठरवून दिले होते. जगाचा गाभा एका वाक्यात सांगा. नायक कोण? ते काय करतात? धोके, संघर्ष, खलनायक कोणते? जादूचं स्वरूप काय? आणि यात नवीन काय, वेगळं काय? या यादीत नकाशा नाही. राजघराण्यांची वंशावळ नाही. तीन हजार वर्षांचा इतिहास नाही. आणि आपण बहुतेक जण सुरुवात करतो ती नेमकी तिथूनच, कारण नकाशा काढायला मजा येते.

जिंकलेलं जग कीथ बेकर यांचं. संगणक-खेळांच्या धंद्यातून बाहेर पडून स्वतंत्रपणे लिहायला लागलेला हा माणूस. ते जग पुढे ‘एबरॉन’ या नावाने छापून आलं. त्याचा गाभा बघा. जादू शिकता येते, विकता येते, तिचे नियम पक्के आहेत. मग ती राजवाड्यात आणि मनोऱ्यातच का कोंडून राहील? ती उद्योगात शिरेल. म्हणून एबरॉनमध्ये जादूने बांधलेल्या भुतांच्या जोरावर धावणारी रेल्वे आहे, आकाशात जहाजं आहेत, रस्त्यावर जादूचे दिवे आहेत, आणि दळणवळण, औषधोपचार, पहारा असे धंदे अंगावर वंशपरंपरेने उमटणाऱ्या खुणांच्या जोरावर मुठीत ठेवणारी घराणी आहेत. खोर्वेअर खंडातले पाच देश शंभर वर्षं एकमेकांशी लढून नुकते थांबलेत. त्यातला एक, सायर, एका दिवसात बेचिराख झाला आणि का झाला हे कोणालाच माहीत नाही. युद्धासाठी घडवलेली सजीव यंत्रमाणसं, वॉरफोर्ज्ड, तहानंतर कायद्याने मुक्त झालीत आणि आता रस्त्यावर काम शोधत फिरतायत.

आता तो प्रश्न पुन्हा वाचा: नायक काय करतात? या जगात उत्तर शोधायला लागत नाही. बेकार सैनिक, हेर, पत्रकार, चोर, घराण्यांची कामं घेणारे भाडोत्री शोधक. शार्न या तिथल्या शहराच्या मनोऱ्यांवरून पाठलाग, रेल्वेच्या टपावर मारामारी. डीएमने पान वाचून संपवायच्या आत पहिलं सेशन त्याच्या डोक्यात तयार होतं.

आणखी एक गोष्ट, थोडी रुक्ष. कंपनीकडे आधीच्या पुस्तकांचा ढीग होता आणि नवं जग त्यांच्याशी फटकून वागणारं नको होतं. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये जे जे आहे त्याला एबरॉनमध्ये जागा आहे, हे त्या पुस्तकाने पहिल्याच पानांत सांगून टाकलं. माझं स्पष्ट मत असं की अशा स्पर्धेत सर्वांत थोर कल्पना निवडली जात नाही. त्या कंपनीला पुढची पाच-सात वर्षं ज्यावर पुस्तकं काढता येतील ती निवडली जाते. हे समजलं की निकाल लागेपर्यंतचे अर्धे त्रास कमी होतात. न निवडलेल्या दहा हजारांहून जास्त प्रस्तावांत काही तरी अप्रतिम असणारच. ते त्या दुकानाचं नव्हतं.

दुसऱ्या कोणाला तरी ‘तुम्ही पुढच्या फेरीत’ असा मेल आला म्हणे. मला नाही. संपलं का?

बहुधा हो. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. फेऱ्यांच्या स्पर्धेत निवडलेल्यांना आधी कळवतात, कारण त्यांना पुढचं लिहायचं असतं. बाकीच्यांना एकगठ्ठा नंतर कळवतात, किंवा यादी लावून मोकळे होतात. तरी स्पॅमचं फोल्डर बघा. अनोळखी परदेशी पत्त्यावरून आलेला, ‘कॉन्ग्रॅच्युलेशन्स’ने सुरू होणारा आणि डॉलरचा उल्लेख असलेला मेल तुमच्या मेलबॉक्सला लॉटरीचा वाटला तर त्याचा काय दोष?

आयोजकांनी लिहिलंय ‘३१ तारखेपर्यंत’. आज एक तारीख. निकाल नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आयोजक असतील तर त्यांचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारचे १२:२९, उन्हाळी वेळ चालू असताना. हिवाळ्यात १:२९. म्हणजे एक तारखेचं जेवण होईपर्यंत त्यांची ३१ तारीखच चालू आहे. प्रवेशिका पाठवतानाही हाच हिशेब आपल्या फायद्याचा असतो, पण त्या भरवशावर राहू नका. शेवटच्या तासात फॉर्म अडकतातच.

मी आयोजकांना मेल टाकून विचारू का?

जाहीर केलेली तारीख उलटून आठवडा झाला असेल तर जरूर विचारा. एकदाच, दोन ओळींत, प्रवेशिकेचा क्रमांक देऊन. त्याआधी नको. आणि ‘माझी प्रवेशिका मिळाली ना?’ हे विचारायची वेळ पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी असते, निकालाच्या आठवड्यात नव्हे. परीक्षकांना वैयक्तिक मेसेज तर कधीच करू नका. कित्येक नियमावल्यांत तेवढ्यावरून प्रवेशिका बाद होते, आणि व्हावीच.

परीक्षकांना माझं नाव दिसतं का? मी नवखा, नावाजलेले लेखकही उतरलेत.

नियम बघा. नीट चालवलेल्या स्पर्धांत निदान पहिल्या फेरीत तरी नावं झाकलेली असतात. पायझो या कंपनीची ‘आरपीजी सुपरस्टार’ स्पर्धा २००८ पासून काही वर्षं गाजली. तिची पहिली फेरी म्हणजे एक जादूई वस्तू, सुरुवातीला अवघ्या दोनशे शब्दांत. त्यातून ३२ जण पुढे जात आणि पुढच्या फेऱ्यांत खेळाडूंची जाहीर मतं. दोनशे शब्दांत नाव किती झाकलं जातं आणि कसब किती उघडं पडतं, हे त्या वस्तू वाचताना कळायचं.

उलट बाजूचा एक किस्सा आपल्याकडचाच आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या लेखकाला पहिलं बक्षीस मिळालं. तो लेखक म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूर दुसऱ्याच्या हातून लिहून घेतलेला. नावाजलेल्या माणसालाही नावाशिवाय तपासून घ्यावंसं वाटतं ते असं. तेव्हा झाकलेल्या नावांची भीती नवख्यांनी कशाला बाळगायची?

पाठवून झाल्यावर मोठी विसंगती सापडली. नदी डोंगर चढतेय. दुरुस्त पान पाठवू?

नको. बहुतेक ठिकाणी एक प्रवेशिका म्हणजे एकच आवृत्ती. दुसरी पाठवलीत तर दोन्ही बाद व्हायची शक्यता. आणि परीक्षक नदी बघत नसतात. ते बघतात की नदीच्या दोन्ही काठांवरच्या लोकांचं का पटत नाही.

शंका असेल तर ती एका वहीत टिपून ठेवा. पुढच्या फेरीला बोलावलं तर दहा पानांत ती सरळ करता येते, आणि तिथे दुरुस्तीला शाबासकी मिळते.

कंपनीने माझी कल्पना उचलली तर?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर कोणाला आवडत नाही. कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या मांडणीला असतो. आपल्याकडे १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं: विषय, कथाबीज, कल्पना यांवर कोणाची मालकी नाही, मांडणीची नक्कल झाली असेल तर गोष्ट वेगळी. ‘मेलेल्या देवांच्या हाडांतून जादू खणून काढतात’ ही तुमची ओळ उद्या दुसऱ्याच्या पुस्तकात दिसली, तर तेवढ्यावर काही होत नाही. तुमची वाक्यं, तुमची पात्रं, तुमचा नकाशा जसाच्या तसा दिसला तर होतं.

आणि अकरा हजार पानं एका ठिकाणी जमली की सारख्या कल्पना येणारच. तरंगती बेटं, मेलेला सूर्य, देवांविना जग, जादूचं दूषण: यांतलं काहीच एकट्या कोणाला सुचत नाही. म्हणून मोठ्या कंपन्या अर्जातच लिहून घेतात की तुमच्यासारखं काही आमच्याकडे आधीपासून असू शकतं आणि त्याबद्दल तक्रार चालणार नाही. हे कलम बघून घाबरू नका. ते नसेल तर त्यांचा वकील झोपलाय एवढंच.

तुमच्या बाजूने करायचं ते साधं आहे. भारतात कॉपीराइट मिळायला नोंदणीची सक्ती नाही. लिहिलं की तो तुमचा. पाठवलेली प्रत, पाठवल्याची पोच आणि त्या दिवशीची नियमावली या तिन्ही गोष्टी जपून ठेवा. नियमावली विशेषतः, कारण नियम मागाहून बदलतात आणि बदलल्याचं सांगायला कोणी घरी येत नाही.

जिंकलो तर जग माझं राहतं की त्यांचं?

पाठवायच्या आधी विचारायचा प्रश्न होता हा, पण असो. तीन प्रकार दिसतात.

पहिला, सगळे हक्क कंपनीचे. २००२ चा प्रकार हा. विजेत्याला एक लाख डॉलर मिळाले आणि एबरॉन विझर्ड्सचं झालं. बेकर यांनी पुढे त्याच जगात कादंबऱ्या लिहिल्या, पुस्तकं केली, आजही करतात, पण मालक म्हणून नव्हे. अंतिम तिघांतल्या उरलेल्या दोघांची जगंही कंपनीकडेच गेली आणि आजतागायत प्रसिद्ध झालेली नाहीत. वाट बघणाऱ्यांनी या भागापाशी जरा थांबावं. त्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाहेर पडलेल्यांचं जग त्यांच्या वहीत राहिलं. शेवटच्या पायरीपर्यंत गेलेल्या दोघांचं राहिलं नाही.

दुसरा प्रकार, काम खुलं करायचं. ‘वन पेज डंजन’ ही २००९ पासूनची स्पर्धा या जातीची: एका पानावर अख्खं भुयार, आणि ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली द्यायचं. कोणीही वापरावं, बदलावं, तुमचं नाव द्यावं आणि बदललेलंही तसंच खुलं ठेवावं. मला व्यक्तिशः नवख्यांसाठी हा प्रकार सर्वांत चांगला वाटतो. बक्षीस किरकोळ असेल, पण तुमचं पान अनोळखी टेबलांवर खेळलं जातं.

तिसरा, फक्त छापायची परवानगी द्यायची आणि बाकी सगळं तुमच्याकडे. हा दिसला तर डोळे मिटून नाही, पण हसतमुखाने सही करा.

भारतीय कायद्यात एक सोय आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मात्र परदेशी कंपनीच्या करारात ‘अमुक राज्याचा कायदा लागू’ अशी ओळ असते आणि मुदत ‘कायमची’ अशी स्पष्ट लिहिलेली असते. ती ओळ शोधा. सापडत नसेल तर वकील असलेल्या मावसभावाला चहा पाजा.

माझं जग आपल्या मातीतलं आहे. वेस, गावदेव, आसरा, घाट, वेताळाची पालखी. परक्या परीक्षकांना कळेल का?

कळेल, जर त्या गोष्टी काम करत असतील. नुसती नावं ठेवलीत तर तळटिपांचं पान होईल आणि परीक्षक ते सभ्यपणे बाजूला ठेवेल.

उदाहरण घेऊ. ‘या जगात गावदेव असतात आणि वेशीवर त्यांचं ठाणं असतं’ हे वर्णन झालं. ‘इथे देवाची सत्ता वेशीपाशी संपते, वेशीबाहेर केलेल्या खुनाला कोणताच देव साक्षी नसतो’ हा खेळ झाला. आता कळतं की दोन वेशींमधल्या रस्त्यावर व्यापारी तांडे भाडोत्री तलवारी का बाळगतात, तांड्याबरोबर उचलून नेता येणारा देव का महाग आहे, आणि एखादं गाव रातोरात आपली वेस शेजारच्या विहिरीपलीकडे का सरकवतं. आसरा पाण्यातल्या आहेत, ठीक. पण त्यांना काय हवं आहे आणि धरण बांधणारा सुभेदार त्यांना काय देऊ शकत नाही? हे लिहिलंत की ‘आसरा’ हा शब्द अमेरिकेतल्या परीक्षकालाही समजावून सांगावा लागत नाही.

पाठवून झालं असेल आणि आता वाटत असेल की आपण नावांचीच यादी पाठवली, तर पुढच्या वेळी हे ध्यानात ठेवा. पुढची वेळ असतेच.

निकाल लागेपर्यंत तेच जग दुसऱ्या स्पर्धेला पाठवलं तर?

नियमांत ‘अन्यत्र पाठवलेलं नसावं’ असं असेल तर नाही. तसं काही नसेल तरी दोन्हीकडे निवड झाली तर काय कराल याचं उत्तर आधी स्वतःला द्या. त्यापेक्षा नवं पान लिहा.

वाट बघताना करू काय? काही सुचत नाही, कशात लक्ष लागत नाही.

ते जग खेळायला घ्या. खरंच सांगतो, बहुतेक प्रवेशिकांचं जग पाठवायच्या आधी एकदाही खेळलेलं नसतं. शनिवारी संध्याकाळी चार जणांना बोलवा, एक वनशॉट, म्हणजे एका बैठकीत संपणारा खेळ, चालवा. चार तासांत कळेल की तुमचा आवडता जादूगार-संघ कोणाच्या लक्षातही राहिला नाही, आणि तुम्ही सहज बोलून गेलेल्या एका जकातनाक्यावरच्या म्हाताऱ्यापाशी सगळे तासभर अडकले. पुढच्या फेरीत दहा पानं मागितली तर ती त्या म्हाताऱ्यापासून सुरू करायची.

खेळताना नियम तेवढा बघा: निकालापर्यंत मजकूर जाहीर करू नका असं असेल तर घरात खेळायला हरकत नसते, पण सेशन रेकॉर्ड करून चढवू नका.

खेळलेल्या जगाला निकालाची फारशी गरज उरत नाही, याचा सर्वांत मोठा दाखला फर्गॉटन रेल्म्सचा. कॅनडातल्या एड ग्रीनवुड या ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाने ते जग लहानपणी, १९६७ च्या सुमारास, स्वतःच्या गोष्टींसाठी रचायला घेतलं. तेव्हा डंजन्स अँड ड्रॅगन्स जन्माला यायचा होता. तो आला १९७४ मध्ये. पुढे ग्रीनवुड मित्रांबरोबर त्या जगात खेळले, १९७९ पासून खेळाच्या मासिकात त्याबद्दल तुकड्या-तुकड्यांनी लिहीत राहिले, आणि १९८७ मध्ये ते अधिकृत जग म्हणून पेटीबंद विकायला आलं. कुठलीही स्पर्धा नाही. मासिकातले लेख वाचून तेव्हा हा खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीनेच विचारलं.

परीक्षकांचा अभिप्राय मिळेल?

अकरा हजार प्रवेशिकांना नाही मिळत. लहान स्पर्धांत मिळतो, कधी फार चांगला. ‘इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन’ ही शब्दांवर चालणाऱ्या खेळांची स्पर्धा १९९५ पासून चालू आहे. तिथे परीक्षक म्हणजे खेळणारे लोकच. प्रत्येक खेळाला जास्तीत जास्त दोन तास खेळून गुण द्यायचे असा नियम, आणि बरेच जण सविस्तर लिहितातही. अभिप्राय हवा असेल तर स्पर्धा निवडताना बक्षिसाच्या रकमेपेक्षा हे बघा.

मिळालेल्या अभिप्रायाला उत्तर देऊ नका. ‘ते पान सातवर दिलंय’ हे सांगायचा मोह होतो. सातव्या पानावर दिलं होतं, हीच त्यांची तक्रार आहे.

आई रोज विचारते, ‘लागला का रे निकाल?’ काय सांगू?

तारीख सांगा, आणि ती दोन महिने पुढची सांगा.

नाही निवडलं. आता त्या जगाचं काय?

ते तुमचं आहे, नियमावलीत वेगळं काही नसेल तर. काहींनी त्याची छोटी पुस्तिका करून स्वतः विकली, काहींचं त्या जगातलं कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारा खेळ, दहा-दहा वर्षं चाललंय.

२००२ च्या त्या अंतिम तिघांत रिच बर्लू होते. त्यांचं जग तर त्यांच्या हातात उरलं नाही. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, त्यांनी काडीची माणसं काढून रोल-प्लेइंग खेळांची टर उडवणारी एक चित्रमालिका स्वतःच सुरू केली. तिच्या संपलेल्या पुस्तकांचं पुनर्मुद्रण करायला २०१२ मध्ये वाचकांकडे वर्गणी मागितली, तर साडेबारा लाख डॉलरहून जास्त जमले. स्पर्धेच्या बक्षिसाच्या बारापट. हे सगळ्यांचं होत नाही, हेही लगेच सांगतो. पण हरलेल्या प्रवेशिकेपाशी किती काळ बसायचं, याचं त्यांनी दिलेलं उत्तर फार आखूड आहे.

आणि निवडलं तर? लगेच पुस्तक येतं?

नाही. २००२ मध्ये मागवलेल्या प्रस्तावांतून निवडलेलं एबरॉनचं पहिलं पुस्तक दुकानात आलं जून २००४ मध्ये. मधला काळ कंपनीच्या लोकांबरोबर जग पुन्हा घडवण्यात गेला. मूळच्या एका पानावर तर एबरॉन हे नावसुद्धा नव्हतं. पुस्तकावर लेखक म्हणून तीन नावं आहेत: कीथ बेकर, बिल स्लाविसेक आणि जेम्स वायट. तुमच्या जगातला अर्धा भाग बदलायला सांगतील, तुम्हाला सर्वांत प्रिय असलेलं एखादं राज्य गाळायला सांगतील. कोणत्या दोन गोष्टींसाठी भांडायचं आणि बाकी कोणत्या सोडून द्यायच्या, याची यादी निकाल यायच्या आधीच करून ठेवा. मेल आल्यावर सुचत नाही.